तुळशीची माळ आणि फादरांचा कागद

गेल्या आषाढात माझी धाकटी बहीण पोलादपूरहून अचानक बिरवाडीला आली. सणवार नव्हता, कुणाचं दुखणं नव्हतं, आणि पाऊस असा की शहाण्या माणसानं एस.टी.त बसू नये. छत्री ओसरीवर उघडी ठेवता ठेवताच म्हणाली, "दादा, पोरीनं वसईचा मुलगा पसंत केलाय. ख्रिश्चन आहे, कॅथलिक." मग जरा थांबून, जणू आरोपीच्या बाजूनं एक साक्ष नोंदवावी तसं म्हणाली, "मराठीच बोलतात तसे घरात."

भाची ठाण्याला नोकरी करते. मुलगा तिच्याच ऑफिसातला. सामवेदी ख्रिस्ती कुटुंब, घरची थोडी केळीची बाग, आजी अजून लाल लुगडं नेसते. एवढी माहिती झाल्यावर चहा झाला आणि मग बहिणीनं खरा प्रश्न काढला. "आपलं काय ते आपण बघू रे. पण त्यांच्यात हे चालतं का? त्यांच्या माणसानं धर्माबाहेर लग्न करावं का? नाहीतर पोरीला इथंही कुणी नाही आणि तिथंही नाही."

मला प्रश्न आवडला. असा प्रसंग आला की आपल्याकडे पहिली आठवण होते ती आपल्या अब्रूची. ही बाई समोरच्या घराच्या ओसरीवर बसून विचार करत होती. कॅथलिकांनी कुणाशी लग्न करावं हे सांगणारा मी कोण, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण लग्नाला दोन बाजू असतात आणि अशा लग्नातली दुसरी बाजू पुष्कळदा आपल्यातल्याच एका घराची असते. शिवाय छत्तीस वर्षं बँकेत काढली. दोन माणसांनी एका कागदावर सह्या केल्या म्हणजे पुढं काय काय होतं, हे कादंबऱ्या लिहायला लागण्याच्या आधीपासून पाहत आलो आहे.

आमच्या भागाला लग्नाबद्दलचा उपदेश नवा नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे नेमकं नाताळच्या दिवशी, मनुस्मृतीचं दहन झालं. पुढं १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच असं लिहून ठेवलं. तरी आमच्याकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न कुळीचा. औद्योगिक वसाहत झाली, कारखान्यांत कुठून कुठून माणसं आली, त्यांच्यात काही ख्रिस्ती कुटुंबंही आली. आम्ही त्यांच्याकडचा नाताळचा केक खाल्ला, त्यांना दिवाळीचा फराळ दिला. सोयरिकीचा विषय मात्र कुणी काढला नाही, आम्हीही नाही आणि त्यांनीही नाही.

तर नियम काय? मी चौकशी केली. कॅथलिक धर्मसभेच्या दृष्टीनं बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा विवाह हा सात संस्कारांपैकी एक संस्कार आहे. कॅथलिक माणसानं बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी केलेला विवाह तिच्या कायद्यानं मुळात वैधच नाही. परंतु बिशपांकडून सूट मिळाली तर तो वैध होतो, संस्कार मात्र होत नाही. सूट हवी तर कॅथलिक जोडीदारानं दोन गोष्टी कबूल करायच्या. एक, आपली श्रद्धा ढळेल असा धोका आपण दूर ठेवू. दुसरी, मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करू. दुसऱ्या जोडीदारानं यातलं काहीच कबूल करायचं नसतं. त्यानं धर्म बदलावा अशी अट नसते. पहिल्यानं काय कबूल केलं आहे, ते मात्र त्याला लग्नाच्या आधी नीट सांगितलेलं असलं पाहिजे. पूर्वी हे असं नव्हतं. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे दुसऱ्याकडूनही हमी घेतली जाई. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती अट काढली आणि १९८३ च्या नव्या संहितेत आजचा नियम पक्का झाला.

हे सगळं मी बहिणीला समजावलं. तिनं एवढंच ऐकलं: "म्हणजे मुलं त्यांची."

"त्यांची म्हणजे? तुझ्या पोरीची नाहीत का?"

"तसं नाही रे. पण आधीच लिहून घ्यायचं म्हणजे काय? आपल्यात कुणी असं लिहून घेतं का?"

त्यावर मी जे बोललो ते बोलावं की नाही याचा आजही मला निर्णय करता येत नाही. आमची आई वारकरी. आमच्या घरात कांदासुद्धा एकादशीच्या आदल्या दिवशी टोपलीतून बाहेर जाई. बहिणीच्या गळ्यात दहाव्या वर्षापासून तुळशीची माळ होती. १९८८ साली तिचं लग्न झालं ते घरही आमच्याच जातीचं, कुळी जुळलेली, पत्रिका पाहिलेली. फक्त त्या घरात दर रविवारी मटण आणि महाडच्या बाजारातून मिळेल तेव्हा मासे. कुणी तिला काही म्हटलं नाही. सासू बिचारी गरीब स्वभावाची. पण मटण शिजवणाऱ्या बाईच्या गळ्यात माळ बरी दिसत नाही, एवढं नवऱ्याच्या आत्येनं बोलून दाखवलं. तिसऱ्या महिन्यात माळ देवघरातल्या खिळ्यावर गेली. मी भाऊबीजेला गेलो तेव्हा ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

मी एवढंच म्हटलं, "तुझी माळ कुठल्या कागदावर लिहून घेतली होती?"

ती बराच वेळ बोलली नाही. बाहेर पागोळ्या पडत होत्या. मग उठून कप विसळायला गेली.

मला काय म्हणायचं आहे ते आता स्पष्ट सांगतो. चर्च लिहून घेतं याचा आपल्याला राग येतो. आपण काहीच लिहून घेत नाही आणि म्हणून आपण उदार, अशी आपली समजूत. पण सून घरात आली की तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं जातं, कुलदेवतेला नेलं जातं, कुळाचार तिच्या ओटीत पडतो आणि पहिल्या मुलाचं जावळ कुठं काढायचं हे कुणी तिला विचारत नाही. कॅथलिक घरातून आलेल्या मेरीची मीरा होते आणि सगळे कौतुकानं म्हणतात, किती छान मिसळून गेली! मिसळून जाणं हे तिच्या एकटीचं काम होतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. बँकेत आम्हांला शिकवलं होतं की तोंडी अट ही सर्वांत महाग अट. कागदावरची अट वाचता येते, तिच्यावर वाद घालता येतो, आणि मुख्य म्हणजे सही न करता उठून जाता येतं.

तेव्हा कॅथलिकांनी धर्माबाहेर लग्न करावं का, या प्रश्नाला माझं उत्तर आहे, करावं; पण तो कागद दोघांनी मिळून वाचून. आणि ज्याला तो कागद जड वाटतो त्यानं करू नये, यात कमीपणा नाही.

करू नये म्हणणाऱ्यांची बाजूही हलकी नाही. ती मला समजली ती एका पुस्तकातून नव्हे, तर जेवणाच्या सुट्टीत. आमच्या शाखेत एक कॅथलिक अधिकारी बाई होत्या, मूळच्या गोव्याच्या. यजमान हिंदू, सज्जन मनुष्य. सासरी कुणी कधी अडवलं नाही. उलट सासरे रविवारी स्वतः स्कूटरवरून चर्चच्या दारापर्यंत सोडत. एकदा डबा खाता खाता त्या म्हणाल्या, "साहेब, दारापर्यंत सगळे येतात हो." मुलाला टायफॉईड झाला होता तेव्हाचं त्यांनी सांगितलं. रात्री दोन वाजता त्या रोझरी घेऊन बसल्या. नवरा शेजारी होता, त्यानं हातही धरला होता. "पण तो माझ्यासाठी बसला होता, माझ्याबरोबर नव्हता." वाईट काही घडलं नव्हतं. त्यांना तक्रार करायची नव्हती. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत आतल्या खोलीत आपण एकट्या आहोत, एवढंच त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं आणि मी सापडलो. श्रद्धा ही ज्याला खरोखर आहे त्याच्यासाठी ती आडनावासारखी नसते. आपल्यासारख्या वर्षातून चार वेळा देवळात जाणाऱ्यांना हे कळायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट संख्येची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी, आणि यात सगळेच पंथ आले. एवढ्या लहान समाजाला प्रत्येक लग्नात आपण थोडे विरघळतो आहोत असं वाटणं साहजिक आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचं गाव आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले आणि किल्ल्याच्या पायथ्याचे कॅथलिक मागं राहिले. भोवती हिंदू आणि मुसलमान वस्ती, त्यांच्याशी सोयरीक नाही. लग्नं आपसांत होत राहिली आणि त्यामुळं पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली आजवर जिवंत राहिली. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, आमची भाषा. बोलणारे उरले हजाराच्या आसपास. कोर्लईच्या पोरापोरींनी दोनशे वर्षांपूर्वी मन मानेल तिथं लग्नं केली असती तर ही भाषा अभ्यासकांना ऐकायला मिळाली नसती. आता एखाद्या मुलीनं भाषा टिकावी म्हणून आपलं मन मारावं असं मी म्हणणार नाही. पण तिच्या आजीला काय गमावण्याची भीती वाटते, ते मला कळतं.

(आजीवरून आठवलं. वसईच्या आजींचा पहिला आक्षेप धर्माचा नव्हताच म्हणे. "माझ्या वेळी वाडवळाची सून आणली तरी चार दिवस कुजबुज व्हायची, आणि ते तर आपल्याच चर्चमधले," असं त्या म्हणाल्या. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात पुरती धुतली जात नाही, हे ऐकून आमच्या बहिणीला का कोण जाणे, जरा आपलेपणा वाटला.)

मग सोपा मार्ग म्हणून काही जण सुचवतात, एकानं धर्म बदलून टाकावा, म्हणजे कटकट नको. बहिणीच्या दिरांनी दोन्ही दिशांनी सुचवून पाहिलं. मला हा मार्ग सगळ्यांत नापसंत आहे. लग्नाच्या हॉलची तारीख मिळवण्यासाठी घेतलेला बाप्तिस्मा हा त्या धर्माचाही अपमान आणि घेणाऱ्याचाही. मराठीत या विषयावरचं सर्वांत खरं पुस्तक, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', आपल्या घराघरांत आहे. ते प्रॉटेस्टंट, कॅथलिक नव्हेत. आणि त्यांचं लग्न झालं तेव्हा दोघंही हिंदू होते. पण १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि एका रात्रीत ते जोडपं दोन धर्मांचं झालं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या, पंढरपुरास राहिल्या. धर्मांतर केलेल्याला हिंदू जोडीदारापासून मोकळं होण्याची वाट १८६६ च्या एका कायद्यानं करून ठेवली होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत, आणि तिनं पत्नी म्हणून यायचं तर ख्रिस्ती होऊनच यावं, असंही झालं नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, त्यांच्या स्वतःच्या मनाला पटल्यावर. मधली पाच वर्षं दोघांनीही जे सोसलं ते वाचून ज्याचे डोळे ओले होत नाहीत त्यानं या विषयावर मत देऊ नये.

आता बँकवाल्याचं बोलणं. ते कोरडं आहे, पण मला ते टाळता येत नाही. नव्वदच्या दशकात माझ्या हाताखाली एक तरुण कारकून होता, कॅथलिक. त्यानं एका हिंदू मुलीशी देवळात लग्न केलं. घरचे तयार नव्हते आणि फादरांकडे जायचा धीर त्याला झाला नाही. आम्ही पाच-सहा सहकारी हजर होतो. मी स्वतः अक्षता टाकल्या, पेढा खाल्ला. दोन वर्षांत तो मोटारसायकलच्या अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. खात्यावरचं नामनिर्देशन लग्नाआधीचं, आईच्या नावे. महिन्याभरानं ती मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन बसली. तिच्याकडे पुरावा म्हणून एक फोटो होता. त्या फोटोत मागच्या रांगेत मी उभा होतो.

मी तिला सांगितलं की बँक नामनिर्देशित व्यक्तीला पैसे देते, वारस कोण हे ठरवणं बँकेचं काम नाही. तुम्ही कोर्टातून दाखला आणा. नियमानं माझं बोलणं अचूक होतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ख्रिस्ती नवऱ्याच्या मागं मूल नसेल आणि इतर नातलग असतील तर विधवेचा वाटा निम्मा. पण त्यासाठी आधी ती विधवा ठरली पाहिजे, आणि त्यासाठी आधी लग्न ठरलं पाहिजे. ती पुन्हा आली नाही. २००८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या अशाच एका प्रकरणात निकाल दिला. कॅथलिक पुरुष, हिंदू स्त्री, १९९६ मध्ये देवळात लग्न, वर हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणीसुद्धा. न्यायालय म्हणालं, १९५५ चा तो कायदा दोन हिंदूंच्या लग्नापुरता आहे, हा विवाह शून्य. पेपर वाचता वाचता मला तो फोटो आठवला. अजून आठवतो.

म्हणून ज्यांना हे लग्न करायचं आहे त्यांनी देवळात हार घालून मोकळं होऊ नये. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं चर्चमधलं लग्न एक बाजू ख्रिस्ती असली तरी कायदेशीर ठरतं. नाहीतर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि कुणी आपला धर्म सोडल्याचं सांगण्याची गरज नाही. १८७२ चा जुना विशेष विवाह कायदा ते सांगायला लावत असे. या १९५४ च्या कायद्यातलं एक कलम मात्र आमच्या कोकणात ऐकवावं लागतं, कारण आमच्याकडे प्रेमाच्या पाठोपाठ सातबारा येतोच. एकत्र कुटुंबातल्या हिंदूनं या कायद्याखाली परधर्मीयाशी लग्न केलं की तो कुटुंबातून विभक्त झाला असं धरलं जातं. बहिणीच्या दिरांचे डोळे हे ऐकून लकाकले. मी त्यांना पुढचंही सांगितलं, की विभक्त झाला म्हणजे हिस्सा गेला असं नव्हे, तो मागायला मोकळा झाला. त्यानंतर त्यांनी धर्माचा विषय काढला नाही.

नवरात्र झाल्यावर आम्ही वसईला गेलो. फादर तरुण होते, चाळिशीच्या आतले. त्यांनी शिबिराच्या तारखा सांगितल्या, सुटीच्या अर्जाचं सांगितलं आणि मुलानं ज्यावर सही करायची तो कागद टेबलावर ठेवला. मुलगा सही करायला वाकला तेव्हा बहीण म्हणाली, "थांबा, मला वाचू द्या." चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. तिनं सगळा वाचला, ओठ हलवत, पोथी वाचतात तसा. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "होईल ते सगळं करू, म्हणजे किती?"

फादर हसले नाहीत. म्हणाले, "पुष्कळ जण हे न विचारताच सही करतात." मग मुलाकडे वळून, "तुम्ही सांगा."

मुलगा गोंधळला. भाचीकडे बघायला लागला. भाची म्हणाली की या ओळीवर त्यांचं दोन वेळा भांडण झालं आहे आणि अजून पुरतं मिटलेलं नाही. मुलांचा बाप्तिस्मा होईल हे तिला मान्य आहे. पण आजोळच्या देवघरात मुलांनी हात जोडले तर कुणी "तो आपला देव नव्हे" म्हणायचं नाही, हे तिला त्याच्याकडून हवं आहे. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. त्या म्हणाल्या, "मी म्हणणार. मी आहे तोवर म्हणणार. मग तुमचं तुम्ही बघा." सगळे गप्प झाले. मला वाटलं, हे झालं खरं बोलणं. आमच्या पोलादपूरच्या आत्याबाई हे असं तोंडावर बोलत्या तर माळ कदाचित खिळ्यावर गेली नसती; निदान बहिणीला त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

सही त्या दिवशी झाली नाही. दोघं दोन महिन्यांनी पुन्हा गेली, तेव्हा झाली. मधल्या काळात काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

मग तारीख. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस फादरांना नकोत. पौष बहिणीला नको. पावसात मांडव आजींना नको. उरले एप्रिल-मे. बहिणीनं पंचांग काढून एप्रिलमधला एक शनिवार फोनवर कळवला. फादर म्हणाले, त्या दिवशी सकाळी आधीच दोन लग्नं आहेत, दुपारी चारची वेळ मोकळी आहे, चालेल का?

बहिणीनं फोनवर हात ठेवून मला विचारलं, "दादा, शनिवारी राहुकाळ कितीला असतो रे?"

"सकाळी. नऊ ते साडेदहा."

"मग चालेल म्हणते," ती म्हणाली आणि हात काढला.